अ‍ॅलेक रीव्ह्ज: आवाजाचे आकडे करणारा इंजिनिअर आणि तुमच्या स्ट्रीमरमागची वायर

घरी चांगलं संगीत ऐकायचं म्हणून स्ट्रीमर घेतला, सोबत वेगळा डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा कन्व्हर्टर घेतला, की पहिला प्रश्न पडतो तो डब्यांच्या मागच्या बाजूला. तिथे ऑप्टिकल असतं, कोअ‍ॅक्सिअल असतं, यूएसबी असतं. महागड्या डॅकवर माइकच्या सॉकेटसारखं दिसणारं एईएस आणि एचडीएमआयसारखं दिसणारं आय-टू-एसही असतं. वायरींच्या किमती काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत जातात आणि प्रत्येक वायरीची बाजू घेणारा कोणी ना कोणी भेटतोच.

या सगळ्या सॉकेटांमधून बहुतेक वेळा एकच गोष्ट वाहते: पीसीएम, म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन. आवाजाचे आकडे करून ते पाठवायची ही पद्धत १९३८ साली पेटंटसाठी मांडली गेली, तेव्हा ट्रान्झिस्टरही जन्माला आला नव्हता. ती मांडणाऱ्या ब्रिटिश इंजिनिअरचं नाव अ‍ॅलेक हार्ले रीव्ह्ज. पुढे ऑप्टिकल फायबरच्या संशोधनालाही त्यांनीच मोठा धक्का दिला. कोणत्या वायरीने काय फरक पडतो आणि काय पडत नाही, हे समजून घ्यायचं तर रीव्ह्ज आयुष्यभर कोणत्या अडचणीशी झुंजत होते ते आधी पाहायला हवं.

## अटलांटिकपलीकडचा फोन

रीव्ह्ज यांचा जन्म १० मार्च १९०२ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या रेडहिल इथे झाला. शेजारच्या रायगेटच्या शाळेत शिक्षण झालं, शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स इंजिनिअरिंग कॉलेजात गेले आणि १९२३ साली इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत नोकरीला लागले. तो काळ रेडिओवरून टेलिफोन जोडण्याचा होता. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये माणसांना थेट बोलता यावं यासाठी जी मंडळी काम करत होती, त्यांत तरुण रीव्ह्जही होते.

७ जानेवारी १९२७ रोजी ही सेवा लोकांसाठी खुली झाली. तीन मिनिटांच्या बोलण्याला १५ पौंड पडत. एवढे पैसे मोजूनही समोरच्याचा आवाज खरखरीत बुडालेला असे. हवामान बिघडलं की बोलणंच अशक्य होई.

कंपनीचा युरोपातला कारभार तोवर आयटीटी या अमेरिकी कंपनीकडे गेला होता. १९२७ साली रीव्ह्ज यांची बदली आयटीटीच्या पॅरिसमधल्या प्रयोगशाळेत झाली. पुढची तेरा वर्षं ते तिथेच राहिले. लघुलहरींवरचे लांब पल्ल्याचे टेलिफोन दुवे, एकाच वाहक लहरीवर अनेक संभाषणं चढवणं, अशी कामं तिथे चालत. १९३१ साली याच कंपनीने इंग्लिश खाडीच्या आरपार, डोव्हर ते कॅले, सुमारे अठरा सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर टेलिफोन चालवून दाखवला. एकाच वेळी शेकडो संभाषणं वाहून नेण्याची क्षमता या लहरींत होती. पण त्यांच्यासोबत एक जुनी अडचणही आली.

## खरखर साठत जाते

तारेतून असो की हवेतून, विजेचा संकेत लांब जाता जाता क्षीण होतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो वाढवणारी यंत्रं बसवावी लागतात. त्यांना रिपीटर म्हणतात. रिपीटर संकेत मोठा करतो, पण त्यात मिसळलेली खरखरही तेवढीच मोठी करतो आणि वर स्वतःची थोडी भर घालतो. दहा रिपीटर असले तर दहा वेळा भर पडते.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. चौथ्या-पाचव्या प्रतीत अक्षरं पुसट होतात, डाग मात्र ठळक होतात. शेवटची प्रत घेणाऱ्याला मूळ कागदावर काय होतं आणि वाटेत काय चिकटलं, हे वेगळं करता येत नाही. टेलिफोनच्या आवाजाचं नेमकं हेच होत होतं.

पॅरिसमध्ये रीव्ह्ज यांच्या डोक्यात हाच प्रश्न घोळत होता. खरखर कमी करण्याचे उपाय सगळेच शोधत होते: जास्त ताकदीचं प्रक्षेपण, चांगले अँटेना, चांगल्या तारा. रीव्ह्ज वेगळ्या बाजूने विचार करू लागले. खरखर असली तरी तिचा परिणामच होणार नाही, अशा रूपात आवाज पाठवता येईल का?

उत्तर त्यांना जुन्या तारयंत्राच्या तत्त्वात सापडलं. तारेच्या संदेशात फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच ओळखायचं असतं. ठिपका थोडा वाकडातिकडा आला तरी तो ठिपकाच असतो. वाटेतल्या यंत्राने तो ओळखला की त्याला जुना ठिपका पुढे ढकलण्याची गरज नसते, ते कोराकरकरीत नवा ठिपका पाठवू शकतं. झेरॉक्सच्या भाषेत सांगायचं तर, पुसट कागदावरचा फोन नंबर वाचता आला, की तो नव्या कागदावर नव्याने लिहायचा. डाग मागच्या कागदावरच राहतात.

## १९३८: आवाजाची मोजणी

आवाज मात्र ठिपक्यांचा बनलेला नसतो. तो सलग चढत-उतरत असतो. रीव्ह्ज यांनी त्याचे तीन टप्प्यांत आकडे करायची पद्धत मांडली.

पहिला टप्पा नमुने घेण्याचा. ठरावीक अंतराने, सेकंदाला हजारो वेळा, आवाजाची त्या क्षणाची उंची मोजायची. पुरेशा वेगाने नमुने घेतले तर मधला आवाज हरवत नाही, हे गणित हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या कामात डोकावलं होतं.

दुसरा टप्पा पायऱ्यांचा. मोजलेली उंची जवळच्या पायरीवर बसवायची. इथे थोडी चूक होते, कारण खरी उंची दोन पायऱ्यांच्या मध्ये असू शकते. पण ही चूक एकदाच होते, सुरुवातीलाच, आणि ती किती असावी हे आपल्या हातात असतं. पाच बिट वापरले तर ३२ पायऱ्या मिळतात, सोळा वापरले तर ६५,५३६.

तिसरा टप्पा संकेताचा. पायरीचा क्रमांक शून्य-एकच्या रूपात, म्हणजे ‘पल्स आहे’ किंवा ‘पल्स नाही’ असा पाठवायचा. पलीकडे पोहोचल्यावर आकडे वाचून पुन्हा आवाजाची रेघ काढायची.

हा तिसरा टप्पाच कळीचा होता. आवाजाचा एकदा आकडा झाला की पुढचा प्रवास खरखरीच्या तावडीतून सुटला. जोवर ‘आहे’ आणि ‘नाही’ यांत घोटाळा होत नाही, तोवर पलीकडे पोहोचलेला आकडा आणि निघालेला आकडा यांत तिळमात्र फरक नसतो.

१९३८ साली फ्रान्समध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज गेला. पाठोपाठ ब्रिटनमध्येही ते मिळालं आणि १९४२ साली अमेरिकेत. अमेरिकेतल्या पॉल रेनी यांनी चित्र तारेने पाठवण्यासाठी अशाच धर्तीचं पेटंट १९२६ साली मिळवलं होतं, पण ते अडगळीत पडलं होतं. सलग बोलण्याला ही पद्धत लावून तिची पूर्ण मांडणी करण्याचं श्रेय रीव्ह्ज यांच्याकडे जातं.

## कल्पना तयार, सामान नाही

पेटंट मिळालं, पण यंत्र बनेना. एका टेलिफोन संभाषणाचे आकडे करायचे आणि पुन्हा आवाज करायचा तर ढिगाने व्हॉल्व्ह लागले असते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवेच. ते तापत, वीज खात, जळत. अशा यंत्राची किंमत साध्या टेलिफोन दुव्याशी स्पर्धा करू शकत नव्हती. रीव्ह्ज यांना हे पक्कं ठाऊक होतं. योग्य सुटा भाग निघेपर्यंत आपली कल्पना कागदावरच राहणार, हे समजून ते पुढच्या कामाला लागले.

युद्धकाळात अमेरिकेच्या बेल लॅब्जने पीसीएमचा एक प्रयोग खरा करून दाखवला. ‘सिगसॅली’ नावाची ही गुप्त टेलिफोन यंत्रणा १९४३ साली सुरू झाली. तिचं एक टोक पन्नास टनांहून जड होतं. राष्ट्रप्रमुखांच्या गुप्त बोलण्यासाठी ते परवडलं, गावोगावच्या फोनसाठी परवडणारं नव्हतं.

ट्रान्झिस्टर १९४७ साली आला आणि स्वस्त व विश्वासार्ह व्हायला आणखी दशकभर गेलं. बेल कंपनीने ‘टी-वन’ ही पीसीएम टेलिफोन यंत्रणा १९६२ साली सुरू केली. दोन जोड तारांवर चोवीस संभाषणं. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालत असे. १९४२ साली मंजूर झालेल्या रीव्ह्ज यांच्या पेटंटची मुदत टी-वन सुरू होण्याआधीच संपली होती. पुढे ज्या पद्धतीवर जगभरची टेलिफोन यंत्रणा उभी राहिली, तिच्या कमाईचा मोसम आला तेव्हा पेटंट शिळं झालं होतं.

## ओबो: वेळेचा हिशोब

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि रीव्ह्ज इंग्लंडला परतले. त्यांचा कल शांततेकडे होता. माणसं मारणाऱ्या शस्त्रासाठी आपलं कसब द्यावं की नाही, या पेचात ते पडले. शेवटी त्यांनी एक वाट निवडली. बॉम्ब जर अचूक पडले, तर कारखाना उद्ध्वस्त होईल आणि आसपासची वस्ती वाचेल, या विचाराने त्यांनी बॉम्बफेकी विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेवर काम सुरू केलं. तिचं नाव ‘ओबो’. फ्रँक जोन्स हे या कामातले त्यांचे मुख्य साथीदार होते.

ओबोमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर दोन केंद्रं असत. पहिल्या जोडीतलं एक केंद्र नॉरफोकमध्ये होतं आणि एक केंटमध्ये. केंद्राकडून विमानाकडे पल्स जायची, विमानातलं यंत्र लगेच उत्तराची पल्स पाठवायचं. जाऊन-येऊन किती वेळ लागला त्यावरून विमान किती लांब आहे ते कळे. एका केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर राहून विमान वर्तुळाच्या कमानीवरून उडत राही. वैमानिकाला कानात सलग सूर ऐकू आला की मार्ग बरोबर, एका बाजूला सरकलं की ठिपके, दुसऱ्या बाजूला सरकलं की रेघा. तो सूर ओबो या वाद्यासारखा वाटे, म्हणून हे नाव. दुसरं केंद्र बॉम्ब सोडायचा क्षण ठरवी.

रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. जाऊन-येऊन धरलं तर वेळ मोजण्यात एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५० मीटरची चूक. पल्स आली हे कळणं पुरेसं नव्हतं, ती नेमकी कधी आली हे महत्त्वाचं होतं. हा मुद्दा डॅकच्या बाबतीत पुढे पुन्हा येईल.

२० डिसेंबर १९४२ च्या रात्री मॉस्किटो विमानांनी नेदरलँड्समधल्या लुटराडे इथल्या वीजकेंद्रावर ओबोचा पहिला वापर केला. अचूकतेत ही यंत्रणा त्या काळात सरस ठरली. पण दोन केंद्रांची एक जोडी एका वेळी एकाच विमानाला वाट दाखवू शकत होती. म्हणून ओबोवाली मॉस्किटो विमानं आधी जाऊन रंगीत प्रकाशाचे गोळे टाकून लक्ष्य दाखवत आणि मागून शेकडो जड विमानं तिथे बॉम्ब टाकत. मार्च १९४३ पासून एसेन आणि रूर खोऱ्यातल्या शहरांवरचे हल्ले असेच झाले. त्यात कारखाने गेले आणि वस्त्याही गेल्या. वस्ती वाचावी म्हणून स्वीकारलेलं काम शहरं पेटवणाऱ्या मोहिमेचा दिवा बनलं. रीव्ह्ज यांच्या आयुष्यातला हा पीळ कोणत्याही सन्मानाने सुटणारा नव्हता. १९४५ साली त्यांना ओबीई हा किताब मिळाला.

## काचेच्या धाग्याकडे

युद्धानंतर रीव्ह्ज आयटीटीच्याच ब्रिटनमधल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज, म्हणजे एसटीएल, या संशोधन संस्थेत आले. ती आधी एनफिल्डला होती, १९५९ साली हार्लो इथे गेली. रीव्ह्ज तिथे दूरच्या पल्ल्याचा विचार करणारे वरिष्ठ होते. आकड्यांचा पूर येणार, तो तांब्याच्या तारांत मावणार नाही, आणि त्यासाठी प्रकाश वापरावा लागेल, हा आग्रह त्यांनी धरला. त्या वेळी बहुतेक मोठ्या प्रयोगशाळा मिलिमीटर लहरींच्या पोकळ नळ्यांवर पैसा लावत होत्या.

या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ हा तरुण इंजिनिअर काम करत होता. काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली निबंध प्रसिद्ध केला. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या धाग्यातून प्रकाश लांबवर जाऊ शकेल आणि किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत घट चालेल, असं त्यांनी गणिताने दाखवलं. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. तेव्हाच्या काचेत किलोमीटरला सुमारे हजार डेसिबल घट होती. तेवढाच प्रकाश वीस मीटरमध्येच संपायचा. अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने १९७० साली हा उंबरठा ओलांडला. काओ यांना या कामासाठी २००९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध त्यांचा होता. ज्या वातावरणात तो लागला, ते उभं करण्यात रीव्ह्ज यांचा हात होता.

रीव्ह्ज यांना मान मिळाला तो उतारवयात. १९६५ साली अमेरिकेच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचं बॅलंटाइन पदक, १९६९ साली सीबीई हा किताब. त्याच वर्षी ब्रिटिश टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांच्या संचात एक तिकीट पीसीएमवर होतं. कामाबाहेर ते तरुणांना हाताशी धरत, वृद्धांना मदत करत आणि तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा उभं राहायला साहाय्य करत. परामानसशास्त्रासारख्या विषयांतही त्यांना मनापासून रस होता, सहकाऱ्यांना ते विचित्र वाटलं तरी. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

## मेल्यानंतरचा संसार

रीव्ह्ज गेले तेव्हा पीसीएम टेलिफोनपुरतं होतं. जपानमध्ये त्यावर संगीत ध्वनिमुद्रित करण्याचे प्रयोग सुरू होते. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. आज स्ट्रीमर इंटरनेटवरून जे गाणं आणतो, ते उलगडल्यावर बहुतेकदा याच आकड्यांचं बनलेलं असतं.

सीडी प्लेअरमधून हे आकडे दुसऱ्या डब्यात न्यायचे तर जोडणी लागणार. सोनी आणि फिलिप्स यांनी एक पद्धत ठरवली, तिला एसपीडिफ म्हणतात. कोअ‍ॅक्सिअल आणि ऑप्टिकल ही तिचीच दोन रूपं आहेत. आकडे तेच, रचना तीच. एकीत ते विजेच्या रूपात तांब्यातून जातात, दुसरीत प्रकाशाच्या रूपात.

इथे रीव्ह्ज यांचा मूळ मुद्दा कामाला येतो. दीड मीटरच्या वायरीत ‘आहे’ आणि ‘नाही’ यांत घोटाळा होणं दुर्मीळ आहे. झालाच तर ‘टक’ असा आवाज येतो किंवा गाणं क्षणभर तुटतं. आकडे बरोबर पोहोचत असताना महाग वायरीने आवाज ‘गोड’ किंवा ‘मोकळा’ होईल, असं मानायला त्या आकड्यांत जागाच नाही. फरक पडू शकतो तो दुसऱ्या दोन गोष्टींनी: वेळ आणि अर्थिंग.

वेळेचा मुद्दा ओबोसारखाच आहे. डॅकने प्रत्येक नमुना ठरल्या क्षणी आवाजात बदलायला हवा. सीडीच्या वेगात दोन नमुन्यांमध्ये सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर असतं. हे अंतर इकडेतिकडे हललं तर आकडे बरोबर असूनही रेघ थोडी वेडीवाकडी निघते. याला जिटर म्हणतात. एसपीडिफमध्ये आकडे आणि घड्याळाचे ठोके एकाच संकेतात गुंफलेले असतात. डॅकला ते ठोके संकेतातून वेगळे काढावे लागतात. हे काम आजचे चांगले डॅक नीट करतात.

अर्थिंगचा मुद्दा वेगळा. तांब्याची वायर दोन डब्यांचं अर्थिंगही जोडते. एका डब्यातली विजेची गुणगुण त्या वाटेने दुसऱ्यात, आणि डॅकच्या आवाज तयार करणाऱ्या भागात, पोहोचू शकते. ती आकडे बिघडवत नाही, आकड्यांचा आवाज झाल्यानंतर मिसळते.

## कोणती जोडणी कधी?

ऑप्टिकल, म्हणजे टॉसलिंक. तोशिबाने १९८३ साली आणली. आत सुमारे एक मिलिमीटर जाडीचा, बहुधा प्लॅस्टिकचा धागा आणि लाल एलईडी. वीज एका डब्यातून दुसऱ्यात जातच नाही, म्हणून अर्थिंगची गुणगुण इथे तुटते. टीव्ही किंवा कॉम्प्युटर जोडल्यावर स्पीकर गुणगुणत असतील तर आधी ही जोडणी करून पाहावी. मर्यादा अशी की प्लॅस्टिकमध्ये प्रकाश लवकर विरतो, त्यामुळे वायर पाच-दहा मीटरपर्यंतच बरी. अनेक उपकरणं यावर ९६ किलोहर्ट्झपर्यंतच खात्रीने चालतात. १९२ ला गाणं तुटत असेल तर दोष बहुधा इथे असतो. वायर तीव्र कोनात वाकवू नये.

कोअ‍ॅक्सिअल. वायर ७५ ओहमची हवी, एवढी अट पाळली की झालं. १९२ किलोहर्ट्झपर्यंत ती सहसा निर्धास्त चालते. अर्थिंग जोडलं जातं, पण नीट बनवलेल्या उपकरणांत आत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून ते वेगळं ठेवलेलं असतं. गुणगुण नसेल तर स्ट्रीमर आणि डॅक शेजारी ठेवण्यासाठी ही साधी, टिकाऊ निवड आहे.

एईएस. स्टुडिओंसाठी १९८५ साली ठरलेलं रूप. ११० ओहमची, दोन समतोल तारांची वायर, जास्त व्होल्टेज. त्यामुळे बाहेरची खरखर आपोआप कटते आणि लांब पल्ला गाठता येतो. घरातल्या एक मीटरसाठी याचा वेगळा फायदा फारसा उरत नाही. सॉकेट दोन्हीकडे असेल तर वापरावं, त्यासाठी महाग मॉडेल घेण्याचं कारण नाही.

यूएसबी. इथे घड्याळाची मालकी बदलते. असिंक्रोनस पद्धतीत डॅक स्वतःच्या घड्याळाने चालतो आणि स्ट्रीमरला ‘थोडं जलद पाठव, थोडं हळू पाठव’ असं कळवत राहतो. ठोके संकेतातून उपसावे लागत नाहीत. जास्त वेगाचं पीसीएम आणि डीएसडीही यातून जातं. तोटा अर्थिंगचा, कारण कॉम्प्युटरची विजेची घाण याच वायरीतून येऊ शकते. यूएसबीवरच्या आवाजात चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही, म्हणून फार लांब किंवा अगदी हलकी वायर टाळावी.

आय-टू-एस. फिलिप्सने १९८६ साली एकाच सर्किट बोर्डवरच्या चिपांमध्ये आवाज नेण्यासाठी ठरवलेली पद्धत. यात ठोके आणि आकडे वेगवेगळ्या तारांवर जातात, त्यामुळे कागदावर ती सगळ्यांत स्वच्छ. डब्याबाहेर, एचडीएमआयच्या सॉकेटवर, ती वापरायचा एकच सर्वमान्य नियम नाही. कोणत्या पिनेवर काय, हे कंपनीगणिक बदलतं. दोन्ही डबे एकमेकांशी जुळतात हे माहीत असल्याशिवाय तिच्या मागे लागू नये.

नेटवर्क. स्ट्रीमर आणि डॅक एकाच डब्यात असतील तर त्यांच्यामधली वायरच उरत नाही. घरातल्या नेटवर्कवरून गाणं तुकड्यातुकड्यांनी येतं, साठवलं जातं, हरवलेला तुकडा सहसा पुन्हा मागवला जातो आणि डॅकच्या घड्याळाने वाजतं. वेळेचा प्रश्न नेटवर्कच्या वायरीवर राहतच नाही.

थोडक्यात, नवीन डॅकला यूएसबी किंवा कोअ‍ॅक्सिअलने सुरुवात करावी. गुणगुण आली तर ऑप्टिकल लावावं. गाणं तुटत असेल तर वायर आखूड करावी किंवा बदलावी. यातलं काहीच होत नसेल तर आकडे पोहोचत आहेत आणि वायरीवरचे उरलेले पैसे स्पीकरवर घालवणं शहाणपणाचं. आकडे स्पीकरमध्ये शिरताना पुन्हा हवेतला आवाज होतात आणि तिथून पुढे खरखरीपासून, खोलीच्या घुमण्यापासून त्यांना वाचवणारं पीसीएम नसतं.

रीव्ह्ज यांनी टॉसलिंकची वायर कधी पाहिली नाही. ती बाजारात आली ते त्यांच्या मृत्यूनंतरचं बारावं वर्ष होतं. स्ट्रीमरच्या मागे ऑप्टिकल सॉकेटात जो लाल ठिपका चमकतो, त्यात त्यांची पॅरिसमधली पेटंट झालेली कल्पना आणि हार्लोमध्ये धरलेला प्रकाशाचा आग्रह, दोन्ही एका मिलिमीटरच्या धाग्यातून एकत्र जातात.